शिवणीच्या रेषेत

“भाभी, हात काढा तिथून. साखळी सरकली तर बोटं जातील.”

अमीन मिस्त्री हे म्हणाला तेव्हा इंजिन जमिनीपासून कमरेएवढं वर आलं होतं. तीन सागवानी खांबांची घोडी, तिच्या माथ्याला चेनकप्पी आणि कप्पीला लोंबकळणारं चार सिलिंडरचं धूड. याच घोडीनं अमीननं जळगावपासून चोपड्यापर्यंत शेकड्यांनी पंप विहिरींत उतरवले होते. आज खाली विहीर नव्हती. समोर विमान होतं.

धनकुंवरनं हात काढला, पण ती मागं सरली नाही. गेल्या सहा वर्षांत तिनं या गोदामात काय काय धरलं नव्हतं? सरसाचं भांडं धरलं, करवतीखालची फळी धरली, आणि सांगाड्यावर कापड चढवायची वेळ आली तेव्हा सुईच हाती घेतली. दोन्ही पंख आणि सगळं धड तिनं एकटीनं शिवलं होतं. नकाशावर लिहिलं होतं, दर दोन बोटांवर एक गाठ. तिनं दर दोन बोटांवर गाठ मारली आणि गाठीगाठीला नवकार मंत्र म्हटला.

विमानाचा हा खटाटोप तिच्या नवऱ्याचा. जवरीलालचं जळगावात ऑइल इंजिनांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. एका खोक्यातून आलेल्या विलायती मासिकात त्यानं एका माणसानं बसायच्या विमानाचं चित्र पाहिलं, टपालानं नकाशे मागवले, आणि चाळिशी उलटलेला हा माणूस दुकान बंद झालं की लाकूड तासायला बसू लागला. बाजार त्याला ‘हवाईशेठ’ म्हणू लागला. त्यांची लेक धुळ्याला दिली होती. व्याही दर दिवाळीला विचारत, “विमान आमच्या अंगणात उतरवणार ना? गाई बांधून ठेवतो.” जवरीलाल हसायचा. पण मनाशी त्यानं ठरवूनच टाकलं होतं की पहिलं उड्डाण धुळ्याचं. खाली एरंडोल, पारोळा, आणि मग लेकीचं गाव.

इंजिन एका जुन्या सराव-विमानाचं. मुंबईच्या भंगारातून आणलं, आणि अमीननं ते खिळा न् खिळा सोडवून पुन्हा जोडलं. विमानाच्या इंजिनाला त्यानं आधी कधी हात लावला नव्हता. “इंजिन म्हणजे इंजिन, शेठ,” तो म्हणाला होता. “त्यालाही हवा लागते, तेल लागतं, ठिणगी लागते. विहिरीवर बसवा की पाखराच्या तोंडात.”

“पाणसळ द्या,” आता त्यानं हात पुढं केला.

धनकुंवरनं पेटीतून पाणसळ काढून दिली. अमीननं ती इंजिनाच्या पाठीवर ठेवली, ते ज्यावर बसायचं त्या नळ्यांच्या बैठकीखाली एक पत्रा सरकवला, बोल्ट आवळला, आणखी एक आवळला. काचेतला बुडबुडा सरकत सरकत बरोबर मधोमध येऊन थांबला. जवरीलालनं दोन्ही हात जोडले. कप्पीची साखळी धरून असलेल्या छगन हमालानं ती सोडून टाळ्या पिटल्या आणि अमीनच्या शिव्या खाल्ल्या.

ते अडुसष्ट साल होतं. विमान खात्याचे तपासनीस साहेब मुंबईहून आठव्या दिवशी यायचे होते. ते हो म्हणाले तर विमान उडणार, नाही म्हणाले तर गोदाम रिकामं करून द्यायचं. कारण गोदाम एकत्र कुटुंबाचं, आणि कुटुंबाचा शब्द म्हणजे थोरल्या भावाचा, शांतीलालचा. त्याला तिथं सरकी भरायची होती. सहा वर्षं त्यानं कळ काढली होती. आता त्यानं सांगून टाकलं होतं की साहेबांचा नकार आला की त्याच आठवड्यात गाड्या दाराशी लागतील.

*

तिसऱ्या दिवशी मार्गशीर्षातली मौन एकादशी होती. धनकुंवर त्या दिवशी उपास करी आणि सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत अवाक्षर बोलत नसे. लग्न होऊन आली त्या वर्षापासूनचा हा नेम. एरवीही तिचे नेम होतेच. सूर्य मावळला की पाण्याचा थेंब नाही, आणि रोज सकाळी हात जोडून दिवसाची बंधनं घ्यायची: आज इतकेच पदार्थ, आज इतक्याच दिशांना इतकंच जाणं, आज खोटं नाही. घरातल्या कुणाला तिच्या व्रतांचा कधी त्रास झाला नव्हता. ती व्रतं करी तीही कुणाला ऐकू न जाता.

दुपारी उपाश्रयातून, साध्वींचं दर्शन घेऊन, घरी जाताना ती गोदामात डोकावली. अमीन इंजिनापुढच्या पंख्याच्या बोल्टांना खुणा करत होता. त्याचेही रोजे चालू होते, ओठ सुकले होते. जवरीलाल नकाशे पसरून बसला होता.

विमान जमिनीवर असलं की बसलेल्या कुत्र्यासारखं दिसे. पुढं दोन चाकांवर नाक वर, मागं शेपटी जमिनीला टेकलेली. धनकुंवरची नजर नेहमीप्रमाणं आपल्या शिवणीवर गेली. शेपटीपासून नाकापर्यंत धडाच्या कुशीवरून एक सरळ शिवण होती. ती घालताना धड दोन लाकडी घोड्यांवर आडवं, सपाट ठेवलेलं होतं, आणि त्या एका शिवणीसाठी तिनं तीनदा टाके उसवले होते. आज ती शिवण शेपटीकडून नाकाकडं चढत गेलेली दिसत होती. आणि नाकाशी बसवलेलं इंजिन मात्र चढत नव्हतं. ते सरळ समोर बघत होतं. तिला ते मान मुरगळलेल्या पाखरासारखं वाटलं.

ती आधी स्वतःशीच म्हणाली, मला काय कळतं. मग तिनं वाकून पाहिलं. पुन्हा दूर जाऊन पाहिलं. आणि मग पिशवीतून जाड दोऱ्याची गुंडी काढली.

दोऱ्याचं एक टोक तिनं शेपटीच्या खुंटीला बांधलं. दोरा शिवणीवरून ओढत ती पुढं आली, नाकाच्या पुढं गेली आणि तिथं ताणून धरला. दोरा जिथं आला तिथं पंख्याचा आस यायला हवा होता. आस चार बोटं खाली होता.

अमीननं मान वर केली. जवरीलालही उठून आला. धनकुंवर दोरा धरून उभी.

“काय म्हणणं आहे भाभीचं?” अमीननं अखेर विचारलं.

जवरीलालनं नकाशा उचलला, उभा धरला, आडवा धरला. मग त्याच्या ध्यानात आलं. हवेत गेल्यावर विमान शेपटी टेकून बसत नाही. तिथं ती शिवण आडवी होणार, आणि इंजिन खाली जमिनीकडं तोंड करणार.

अमीन मात्र मानेना. इंजिन पाणसळीतच असतं, तो म्हणाला. पंचवीस वर्षांत त्यानं एकही इंजिन तिरपं बसवलं नव्हतं. तिरप्या इंजिनाचं तेल एका अंगाला जातं, बेअरिंग खातं, सहा महिन्यांत बोंब होते. चोपड्याच्या बागायतदारांना विचारा, वरणगावात विचारा. बोलता बोलता त्याचा आवाज चढला. बाईमाणसाच्या दोऱ्यावर इंजिन बसवायचं तर मिस्त्री कशाला बोलावला, हेही त्याच्या तोंडून निघून गेलं.

“बोला ना काहीतरी,” तो तिला म्हणाला. मग त्याला आठवलं. “आज तुमचं मौन. ठीक. माझाही रोजा आहे. नाहीतर आणखी बोललो असतो.”

त्यानं पाणसळ पेटीत टाकली, पेटी सायकलला बांधली आणि तो गेला. धनकुंवरनं दोऱ्याचं पुढचं टोक इंजिनाजवळच्या एका खिळ्याला बांधून ठेवलं, आणि ती घरी गेली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पूजा करून आली तेव्हा अमीन गोदामात होता. त्यानं इंजिन खाली उतरवलं होतं. चार दिवसांचं काम जमिनीवर पसरलेलं होतं, आणि तो नळ्यांच्या बैठकीवर खडूनं रेघ मारत होता.

“अमीनभाई,” ती म्हणाली, “काल मी...”

“राहू द्या.” त्यानं वर पाहिलं नाही. “काल घरी जाताना रेल्वेच्या फाटकाशी एक बैलगाडी उभी होती. बैल सोडलेले. जू जमिनीला टेकलेलं, गाडी अशी पुढं वाकलेली. म्हटलं, या गाडीत आता पाण्याची कोठी ठेवायची तर मी काय करीन? वाकलेल्या गाडीत पाणसळ लावीन? बैल जुंपल्यावर गाडी सरळ होईल आणि कोठी पालथी पडेल.” त्यानं खडू खाली ठेवला. “मी उभ्या गाडीत पाणसळ लावली, भाभी.”

“विहीर कधी उडत नाही,” धनकुंवर म्हणाली. “तुमची सवय तशी पडली.”

“ते खरं. पण बोललो ते बोललो.”

“मी ते कानाआड केलं. मौनात कान पण मिटून घेतात.”

अमीन हसला. मग त्यानं छगनला हाक मारून सरकीची चार पोती मागवली, ती शेपटीखाली रचली, आणि धनकुंवरनं घातलेली शिवण आडवी होईपर्यंत शेपटी वर उचलली. पाणसळ त्यानं पेटीतून काढली आणि आधी शिवणीवर धरली. बुडबुडा मधे आल्यावरच तो इंजिनाकडं वळला.

बैठक कापावी लागली, नव्यानं जोडावी लागली. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी कापड पेटू नये म्हणून धनकुंवर ओली गोणपाटं अंथरी. इंजिनाखाली रबरी चकत्या पाहिजेत, ती बाब पंपाच्या कामात नव्हती. अमीननं ट्रकच्या जुन्या टायरातून सहा चकत्या हातानं कापल्या, आणि एक मनाजोगी झाली नाही म्हणून सातवी कापली. संध्याकाळी सूर्य कलला की धनकुंवर घाईनं दोन घोट पाणी पिऊन तांब्या उपडा घाली, आणि तो बुडाला की अमीन आपला मडक्यातला पेला उचली.

“तुमचं दार बंद झालं की माझं उघडतं,” तो म्हणे.

शांतीलाल एकदा येऊन गेला. तो आला की धनकुंवर पदर हनुवटीपर्यंत ओढून भिंतीशी उभी राही. जेठासमोर, थोरल्या दिरासमोर, तीस वर्षांत तिनं तोंड उघडलं नव्हतं. त्यांच्यात ती रीतच नव्हती. शांतीलालनं उतरवलेलं इंजिन पाहिलं, कापलेली बैठक पाहिली आणि भावाला विचारलं की हे विमान उडणार आहे की दर आठवड्याला नुसतं बाळंत होणार आहे. मग मात्र तो भावाला बाजूला घेऊन बराच वेळ बोलला. जवरीलाल आधी नाही म्हणून मान हलवत होता. नंतर मान हलायची थांबली.

*

साहेब यायच्या दिवशी सकाळी धनकुंवर दिवसाची बंधनं घ्यायला बसली होती. कुठल्या दिशेला किती जायचं याची मर्यादा ती रोज घाली. पूर्वेला इतकं, पश्चिमेला इतकं, आणि वरच्या दिशेला गच्चीपर्यंत. जवरीलाल दाढी अर्धवट टाकून दाराशी आला.

“आज मलाही दे नेम,” तो म्हणाला. “वर हजार फूट.”

तिला हसू आवरेना. पन्नाशीला टेकलेल्या माणसाच्या गालावर साबण आणि डोळ्यांत एवढा हट्ट तिनं कधी पाहिला नव्हता. तिनं त्याच्यासाठीही हात जोडले.

साहेब जीपमधून आले. पोक्त, चष्मा लावलेले, कमी बोलणारे. बाजारातले पंचवीस-तीस लोक तमाशा बघायला दाराशी जमले होते. साहेबांनी पंख ठोकून पाहिले, शिवणीवरून बोट फिरवलं, गाठी मोजल्या. हे कुणी शिवलं असं विचारल्यावर जवरीलालनं भिंतीशी उभ्या असलेल्या पदराकडं बोट केलं. साहेबांनी तिकडं पाहून मान लववली. मग ते इंजिनाशी गेले आणि तिथं तासभर राहिले. प्रत्येक बोल्टला पाना लावला, रबरी चकत्या दाबून पाहिल्या, दोरा मागवून तो शेपटीपासून नाकापर्यंत स्वतः धरून पाहिला. अमीन हाताची घडी घालून मागं उभा होता. काही विचारलं तर जवरीलालच उत्तर देई.

विमान बाहेर काढून लिंबाच्या झाडाला बांधलं. अमीननं पंखा हातानं फिरवला. पहिल्यांदा खोकला, दुसऱ्यांदा धूर, आणि तिसऱ्यांदा इंजिन असं लागलं की दाराशी जमलेल्या लोकांच्या टोप्या उडाल्या आणि हसू तिथल्या तिथं थांबलं. साहेब घड्याळ लावून उभे राहिले. दहा मिनिटं इंजिन एका लयीत चाललं. पंख्याच्या वाऱ्यानं मागच्या बाभळी झुकल्या, पण इंजिन बैठकीवर जरासुद्धा थरथरलं नाही.

“बसवलंय उत्तम,” साहेब म्हणाले. जवरीलालचे डोळे भरून आले.

मग गोदामात टेबलाशी कागद झाले. विमानाचा अर्ज धनकुंवरच्या नावावर होता. जवरीलालला तिच्या पुण्याईवर भरवसा होता, त्यामुळं धास्तीची प्रत्येक गोष्ट तो तिच्या नावावर करी. कागद इंग्रजी, म्हणून साहेब एकेक ओळ मराठीत वाचून सांगत होते. मालक अमुक, लाकूड अमुक, कापड अमुक. “इंजिन बसवणारे,” त्यांनी वाचलं, आणि पुढं मुंबईच्या एका गृहस्थाचं नाव घेतलं. त्या नावापुढं परवान्याचा आकडा होता आणि खाली सही होती.

धनकुंवरनं ते नाव कधी ऐकलं नव्हतं. त्या नावाचा माणूस गोदामात कधी आला नव्हता. तिनं पदराआडून नवऱ्याकडं पाहिलं. जवरीलाल जमिनीकडं बघत होता. शांतीलाल साहेबांच्या शेजारी बसून पानाचा डबा उघडत होता. भाऊ गावात हसं होऊन बसू नये, एवढ्यासाठीच त्यानं मुंबईहून ही सही मिळवली होती. वाईट हेतू त्याचाही नव्हता.

“इथं सही करा, बाई,” साहेबांनी टाक पुढं केला.

“हे नाव खरं नाही,” धनकुंवर म्हणाली.

आवाज एवढा हळू होता की साहेबांनी कोण बोललं म्हणून इकडं तिकडं पाहिलं. शांतीलालच्या हातातला डबा तसाच राहिला. तीस वर्षांत त्यानं हा आवाज ऐकला नव्हता.

“इंजिन अमीनभाईंनी बसवलं,” ती म्हणाली. पदर तिनं वर केला नाही, पण मानही खाली घातली नाही. “एकदा चुकलं, ते त्यांनी स्वतः उतरवलं, आणि पुन्हा बसवलं. या दुसऱ्या माणसाला मी पाहिलं नाही.”

साहेबांनी चष्मा काढला. त्यांना सगळं समजलं होतं. बहुधा आधीच समजलं असावं. ते शांतपणे म्हणाले की परवाना नसलेल्या माणसानं बसवलेल्या इंजिनाला उडायची मुभा मिळत नाही. नियम आहे. त्यांच्या हातात काही नाही. पण कागदावर जे लिहिलेलं असेल तेच ते बघतात.

“भाभी,” मागून अमीन पुढं आला. “शेठनी मला विचारलं होतं. मी हो म्हटलं. उडू द्या ना. माझं काय जातंय?”

“तुमचा होकार तुमच्यापाशी,” धनकुंवर म्हणाली. “सही माझी आहे.”

“धन,” जवरीलाल एवढंच म्हणाला. सगळ्यांदेखत त्यानं तिला कधी नावानं हाक मारली नव्हती.

सकाळचा साबण लागलेला गाल तिच्या डोळ्यांसमोर आला. पण तिनं टाक घेतला आणि साहेबांना विचारलं की ते नाव कुठल्या ओळीत आहे. त्यांनी दाखवलं. तिनं त्यावर एक आडवी रेघ ओढली, सुईनं ओढावी तशी सरळ, आणि टाक साहेबांच्या हातात दिला.

“रोज सकाळी मी खोटं न बोलण्याचा नेम घेते,” ती म्हणाली. “आज विमान आहे म्हणून तेवढा सोडा, असं मी कुणाला सांगू? नाही उडणार तर नको उडू द्या. ज्यानं बसवलं त्याचं नाव लिहा.”

साहेबांनी अमीनकडं पाहिलं. “पूर्ण नाव?”

पंचवीस वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. “अमीन,” तो म्हणाला, आणि जरा थांबून, “अमीन करीम. पंप मिस्त्री. राहणार पिंप्राळा.”

*

जवरीलाल त्यानंतर बायकोशी बोलला नाही. घरात वावरे, ताटावर बसे, उठे. बाजारात मात्र बोलणं थांबत नव्हतं. हवाईशेठचं विमान बायकोनंच पाडलं, आणि तेही जमिनीवर असताना, असं लोक एकमेकांना सांगत. धुळ्याहून व्याह्यांनी कळवलं की गाई सोडल्या. धनकुंवर हे सगळं ऐके आणि आपले नेम करी. एका संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, “तुम्ही रागावलात ते बरोबर आहे. पण मी पुन्हा तेच करीन.” त्यानं दुकानाची वही पुढं ओढली.

माघात सरकारी लिफाफा आला. जवरीलालनं तो दुकानात वाचला आणि खिशात घातला. दोन दिवसांनी शांतीलालनं निरोप धाडला की उद्या सकाळी सरकीच्या गाड्या येतील. विमानाचं काय करायचं ते बघा, लाकूड बंबाला चालेल.

गोदामात तिघं उभे होते. छगन हमाल दाराशी बसला होता. अमीन म्हणाला की त्याच्या घरामागं मोकळी जागा आहे, वर पत्रे टाकू. पंख सोडून गाडीत घालता येतील. धडाला मोठी गाडी लागेल, चार बैल लागतील.

“गाडी कशाला?” जवरीलाल म्हणाला. इतक्या दिवसांत तो धनकुंवरकडं बघून पहिल्यांदा बोलत होता. “उडायला परवाना लागतो. रस्त्यानं चालायला लागतो का?”

अमीननं त्याच्याकडं पाहिलं, मग इंजिनाकडं.

“चालायला नाही लागत,” धनकुंवर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं नुकती वर आली असताना, बिनपंखांचं विमान स्वतःच्या इंजिनावर गोदामाच्या दारातून बाहेर पडलं. आत जवरीलाल बसला होता, डोक्याला मफलर गुंडाळून. मागं शेपटीला छगन लटकला होता, वळणावर ती उचलून वळवायला. बाजूनं सायकल हातात धरून अमीन चालत होता आणि कान इंजिनाला लावून होता. फिरत्या पंख्यापुढं कुणी येऊ नये म्हणून पन्नास पावलं पुढं धनकुंवर चालत होती. पावलाखाली किडामुंगी येऊ नये म्हणून ती नेहमीच जमिनीकडं बघत चाले. आज तशीच चालत ती हातानं लोकांना बाजूला करत होती. शेळ्या हाकलत होती, पोरांना ओट्यावर चढवत होती.

सरकीच्या गाड्या समोरून येत होत्या. बैल बुजले, गाडीवाले खाली उतरले, आणि सगळी रांग रस्त्याकडेला थांबून राहिली. पहिल्या गाडीत शांतीलाल होता. धनकुंवर त्याच्या समोरून गेली. तिचा पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता.

“बठ्ठा गाव उना शे, भाभी,” मागून छगन ओरडला. इंजिनाच्या आवाजात ते तिला अर्धवटच ऐकू आलं. पण सगळं गाव खरंच आलं होतं. दुकानं उघडणारे हात फळ्या धरून थांबले होते. हसणारे होते, नाही असं नाही. पण इंजिन जवळ आलं की त्यांनाही बाजूला व्हावं लागत होतं.

रेल्वेचं फाटक बंद होतं. विमान बैलगाड्यांच्या आणि दोन रिक्षांच्या मागं रांगेत उभं राहिलं. भुसावळकडची पॅसेंजर सावकाश गेली, आणि प्रत्येक डब्यातून कुणी ना कुणी मान बाहेर काढून बघत गेलं. इंजिन मंद लयीत चालत राहिलं. फाटकवाल्यानं फाटक उघडलं, आणि काय करावं न सुचून आगगाडीला दाखवतात तसं हिरवं निशाण दाखवलं.

पिंप्राळ्यात अमीनच्या घरामागं विमान थांबलं तेव्हा नऊ वाजले होते. जवरीलालनं इंजिन बंद केलं. एवढा वेळ आवाज ऐकल्यावर ती शांतता सगळ्यांच्या कानांत भरली. तो खाली उतरला, मफलर सोडला, आणि काही वेळ त्या धडाला टेकून उभा राहिला. धुळं नव्वद किलोमीटरवर होतं. विमान तीन किलोमीटर चालून आलं होतं.

“किती तापलंय बघा,” तो अमीनला म्हणाला.

अमीननं हात ठेवून पाहिलं. “बरोबर आहे,” तो म्हणाला. मग जरा घुटमळून त्यानं विचारलं, “शेठ, ते सरकारचं पत्र. त्यात काय लिहिलंय?”

“नाही लिहिलंय.”

“ते माहीत आहे. पण का नाही, ते लिहिलं असेल ना?”

जवरीलालनं खिशातून लिफाफा काढला, कागद उलगडला आणि इंग्रजीतून सावकाश मराठी करत वाचलं, “सदर विमानाचे इंजिन अमीन करीम, पंप मिस्त्री, राहणार पिंप्राळा, यांनी बसवलेले आहे. ते परवानाधारक नसल्यामुळे उड्डाणास परवानगी देता येत नाही.”

“तसंच लिहिलंय? बसवलेले आहे?”

“तसंच.”

“माझं नाव त्यात कुठं आहे?”

जवरीलाल कागद त्याच्यापुढं करू लागला, पण अमीननं तो घेतला नाही. आपले तेलानं काळे झालेले हात त्यानं मागं नेले. परसात चुलीची राख होती. ती मूठभर घेऊन तो उकिडवा बसला आणि नखांच्या कडांपासून घासू लागला. धनकुंवरनं ओसरीवरचा तांब्या उचलला आणि त्याच्या हातांवर पाणी सोडलं, जपून, बारीक धारेनं. पहिलं पाणी काळं गेलं, दुसरं करडं. जवरीलाल पत्र हातात धरून थांबला होता.

“अजून थोडं,” अमीन म्हणाला.

तिनं तांब्या आणखी कलता केला.